कॉम्प्युटरला एमपीथ्री प्लेअर दिसत नाही? ‘फॉरमॅट मारा’ हे सगळ्यात शेवटी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात बटणांचा छोटा एमपीथ्री प्लेअर अजून हद्दपार झालेला नाही. पहाटे काकड आरती लावायला, पिकाला पाणी पाजताना ऐकायला, भजनाची चाल घोकायला तो बरा पडतो. ज्येष्ठांना टचस्क्रीनची कटकट नको असते, हेही एक कारण. असा प्लेअर एक दिवस कॉम्प्युटरला लावावा आणि काहीच दिसू नये, मग माणूस गाणी भरून देणाऱ्या दुकानात जातो. तिथं पहिलं वाक्य कानावर पडतं, ‘फॉरमॅट मारायला लागंल.’

यात दोन घोळ आहेत. कॉम्प्युटरला जे दिसतच नाही ते फॉरमॅट करता येत नाही. आणि दिसत असेल, तर फॉरमॅटनं आतलं सगळं जातं. सिनेमाची गाणी पुन्हा मिळतील. पण प्लेअरच्याच माइकवर टिपलेल्या आजीच्या ओव्या किंवा मंडळातल्या एखाद्या जुन्या भजनकऱ्याचा आवाज दुसरीकडे कुठंच नसतो. म्हणून खालचा क्रम पाळा. त्यात फॉरमॅट अगदी शेवटी, दुकानात द्यायच्या आधी येतो.

आधी ठरवा, अडलंय कुठं

प्लेअर कॉम्प्युटरवर दिसायला पाच गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात. वायरीतून ५ व्होल्टचा करंट प्लेअरपर्यंत पोचला पाहिजे. मग डेटाच्या दोन तारांवरून दोघांचं बोलणं सुरू झालं पाहिजे. मग कॉम्प्युटरला त्याचा योग्य ड्रायव्हर, म्हणजे प्लेअर हाताळणारं छोटं सॉफ्टवेअर, सापडला पाहिजे. मग त्याला ड्राइव्हचं अक्षर (ई, एफ असं) मिळालं पाहिजे. शेवटी आतल्या फाइलींची यादी वाचता आली पाहिजे.

‘ओळखत नाही’ म्हणून जी तक्रार येते ती या पाचांपैकी कुठलीही असू शकते, आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा. प्लेअर लावून दोन गोष्टी बघा. प्लेअरच्या पडद्यावर चार्जिंगची खूण येते का? आणि कॉम्प्युटर ‘टिंग’ असा आवाज करतो का?

चार्जिंगही नाही आणि आवाजही नाही, तर वायर, पोर्ट किंवा बॅटरी. चार्जिंग होतंय पण कॉम्प्युटर गप्प आहे, तर बहुधा वायर, नाहीतर प्लेअरचं सॉकेट किंवा सेटिंग. आवाज येतो पण प्लेअर दिसत नाही, तर ड्रायव्हर किंवा ड्राइव्हचं अक्षर. प्लेअर दिसतो पण रिकामा आहे किंवा ‘फॉरमॅट करा’ म्हणतो, तर फाइलींचा गोंधळ. तुमचा प्रकार कळला की पुढचं सगळं वाचायची गरज नाही, थेट त्या भागाकडे जा. फक्त वायरीचा भाग कोणी गाळू नये.

वायर: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दोषी

यूएसबी २ च्या वायरीत चार तारा असतात. सहसा लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पांढरी व हिरवी डेटाच्या. बाजारातल्या स्वस्त वायरींमध्ये, आणि दिवे, पंखे, ट्रिमर यांच्याबरोबर येणाऱ्या वायरींमध्ये, पुष्कळदा लाल आणि काळी एवढ्या दोनच असतात. त्यांनी चार्जिंग झकास होतं आणि कॉम्प्युटरला मात्र काहीही कळत नाही. वायरीच्या जाडीवरून हा फरक ओळखता येत नाही.

तपासायला मल्टिमीटर लागत नाही. त्याच पिनचा अँड्रॉइड फोन असेल तर तीच वायर फोनला आणि कॉम्प्युटरला लावा. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय आला, की वायर डेटाची आहे. नुसतं ‘चार्जिंग’ आलं आणि दुसरा काही पर्यायच नसेल, तर ती वायर बाजूला ठेवा. तिच्यावर चिकटपट्टी लावून ‘फक्त चार्जिंग’ असं लिहिलं की पुन्हा घोटाळा होत नाही.

नवी घ्यायची तर खडेबाजारात किंवा तुमच्या गावच्या मोबाइल दुकानात ‘डाटा केबल’ असंच मागा. पिन कुठली तेही सांगा. दुकानदारांच्या भाषेत मायक्रो यूएसबीला व्ही-८ म्हणतात, आणि जुन्या प्लेअरची जाड, बुटकी मिनी पिन म्हणजे व्ही-३. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिप प्लससारख्या जुन्या प्लेअरला व्ही-३ लागते आणि ती आता सहज मिळत नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याच्या डब्यात बघा, पुष्कळ कॅमेऱ्यांना तीच पिन असायची. सोनीच्या बऱ्याच जुन्या वॉकमन प्लेअरना २२ पिनांची स्वतःची चपटी वायर असते, जुन्या आयपॉडना ३० पिनांची. त्यांना दुसरी कुठलीच चालत नाही. वायर प्लेअर घेऊन जाऊनच घ्यावी. एक मीटरपेक्षा लांब नको.

सी-टाईपच्या स्वस्त प्लेअरमध्ये एक खोच असते. दोन्ही टोकांना सी पिन असलेली वायर लावली की प्लेअर चार्जसुद्धा होत नाही, आणि एका टोकाला नेहमीची चौकोनी पिन असलेली लावली की चालतो. अशा प्लेअरच्या सॉकेटमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर असावे लागतात. पैसे वाचवायला काही उत्पादक ते गाळतात. ते नसले की समोरच्या सी पोर्टला कोणी जोडलंय हेच कळत नाही आणि तो करंट सोडत नाही. प्लेअर बिघडलेला नसतो, नेहमीची वायर वापरा.

वायर बरी निघाली तर पोर्ट बदला. टेबलावरच्या कॉम्प्युटरला पुढं जे पोर्ट असतात ते आत एका लांब वायरीनं मदरबोर्डला जोडलेले असतात, आणि त्या जोडण्या ढिल्या होतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तिथं लावून बघा. एका पोर्टाचे अनेक करणारा यूएसबी हब मध्ये असेल तर काढा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, आणि बिनअ‍ॅडॉप्टरच्या हबवर तेवढ्यातच माऊस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह सगळे वाटेकरी असतात. आत फिरती हार्डडिस्क असलेला आयपॉड तिथं कधी चालतो, कधी बंद पडतो.

कॉलेजच्या लॅबमधल्या किंवा ऑफिसच्या मशीनवर प्लेअर दिसला नाही, तर त्यावरून काही ठरवू नका. अशा ठिकाणी यूएसबीवरून फाइल उघडायची सोय मुद्दाम बंद केलेली असू शकते. घरच्या मशीनवर बघा.

सॉकेटमधली घाण, आणि आपल्याकडची हवा

प्लेअर खिशात राहतो, त्यामुळे सॉकेटमध्ये काय शिरतं ते तुम्ही कुठं राहता यावर ठरतं. वडगाव, शहापूरच्या मागांवर काम करणाऱ्यांच्या प्लेअरमध्ये कापसाचे तंतू दाबून बसलेले सापडतात. निपाणीकडे तंबाखूची बारीक, चिकट भुकटी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात चार महिने ओल, आणि त्या ओलीनं पिनांवर हिरवट थर. कारवारकडे खारी हवा तेच काम आणखी लवकर करते.

तंतूंचा दोष ओळखायला सोपा असतो, कारण पिन शेवटपर्यंत आत जात नाही. मोठ्या प्लगमध्ये करंटच्या बाहेरच्या दोन पट्ट्या लांब आणि डेटाच्या आतल्या दोन आखूड असतात, करंट आधी जोडला जावा म्हणून. त्यामुळे लॅपटॉपच्या बाजूचा मोठा प्लग अर्धवट बसला, तरी चार्जिंग दिसतं आणि डेटा लागत नाही. दोन्ही टोकं बघा.

साफ करायची पद्धत अशी. प्लेअर बंद करा. उजेडात सॉकेट बघा, मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठं करून बघितलं तर उत्तम. लाकडी टूथपिकचं टोक ब्लेडनं चपटं करा आणि कडेकडेनं तंतू उकरून काढा. मधल्या जिभेवर जोर देऊ नका, ती मोडली की प्लेअरच संपला. सुई, टाचणी, सेफ्टी पिन वापरू नका. त्यांनी पिना वाकतात, आणि बॅटरी आत असल्यामुळे दोन पिना एकमेकींना टेकून शॉर्ट होऊ शकतात. हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, टूथपिकला कापसाचा अगदी थोडा बोळा गुंडाळून त्यावर दोन थेंब घ्या, पुसा, आणि अर्धा तास वाळू द्या. हँड सॅनिटायझरनं काम भागवू नका. त्यात पाणी आणि जेल असतो, आणि तो आत चिकट थर ठेवतो.

गॅरेजमधला किंवा उद्यमबागच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर तर नकोच नको. त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात, आणि दाब इतका की घाण बाहेर येण्याऐवजी बोर्डापर्यंत आत जाते. कॅमेऱ्याची लेन्स झटकायचा रबरी फुगा पुरे.

साफ केल्यावर पिन लावा आणि हळूच वरखाली हलवा. हलवल्यावर चार्जिंगची खूण येते-जाते, तर सॉकेटचा डाग, म्हणजे सोल्डरिंग, सुटलाय. याला घरी इलाज नाही.

बॅटरी अगदी मेली असेल तर घाई नको

दोन-चार महिने कपाटात पडलेल्या प्लेअरची लिथियम बॅटरी इतकी उतरते की तिच्यावरचं संरक्षक सर्किट तिला तोडूनच टाकतं. असा प्लेअर लावला की काहीच होत नाही आणि लोक तो मेला म्हणतात. मोबाइलच्या ५ व्होल्टच्या साध्या चार्जरला, किंवा कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टला, किमान एक तास लावून ठेवा. पुष्कळ प्लेअर थोडी बॅटरी भरल्याशिवाय कॉम्प्युटरशी बोलतच नाहीत.

पाठ फुगलेली दिसली, पडदा वर उचललेला वाटला, तर चार्जिंगला लावू नका. दाबू नका, टोचू नका. बॅटरी बदलायची असेल तर जुनीवरचा सहा आकडी नंबर टिपून घ्या. ४०२०३० असा नंबर म्हणजे जाडी ४ मिलिमीटर, रुंदी २०, लांबी ३०. त्याच मापाची, ३.७ व्होल्टची आणि संरक्षक पट्टी असलेली बॅटरी चालते.

हँग झालेला प्लेअर

चालता चालता अडकलेला प्लेअर चार्जही होतो, पडदाही दाखवतो, पण कॉम्प्युटरला उत्तर देत नाही. त्याला रिसेट द्या. सॅनडिस्कच्या क्लिप जातीच्या प्लेअरचं पॉवर बटण १५ ते २० सेकंद धरून ठेवायचं. काही प्लेअरना पाठीमागं टाचणी जाईल एवढं भोक असतं, आत बटण असतं. आधी ते माइकचं भोक नाही ना, हे बघून घ्या. चक्रीच्या आयपॉडला होल्डची कळ एकदा लावून काढायची, मग मेनू आणि मधलं बटण एकदम ६ ते ८ सेकंद, सफरचंदाची खूण येईपर्यंत. रिसेटनं गाणी जात नाहीत. सेटिंगमधला ‘फॅक्टरी रिसेट’ किंवा ‘रिस्टोअर’ ही वेगळी गोष्ट आहे, त्यात हात घालू नका.

कॉम्प्युटरचाही पोर्ट अडकू शकतो. मशीन पूर्ण बंद करा, भिंतीतला प्लग काढा, पॉवर बटण २० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. विंडोजमध्ये नुसतं ‘शट डाउन’ केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे तो पूर्ण बंद झालेला नसतो, म्हणून ‘रीस्टार्ट’ जास्त उपयोगी पडतं.

प्लेअरचंच सेटिंग

यूएसबीवर प्लेअर दोन पद्धतींनी बोलतात. एक एमएससी, म्हणजे पेनड्राइव्हसारखं. दुसरी एमटीपी, जी अँड्रॉइड फोन वापरतात. सान्सा क्लिप प्लस, फ्यूज अशा मॉडेलमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम सेटिंग्ज, यूएसबी मोड इथं तीन पर्याय असतात: ऑटो, एमटीपी, एमएससी. ऑटोवर अडत असेल तर एमएससी करा, काम सोपं होतं. पण लक्षात ठेवा, एमटीपीमध्ये भरलेली गाणी एमएससी केल्यावर कॉम्प्युटरवर दिसत नाहीत. प्लेअरमध्ये ती असतात, वाजतातही. ‘सगळं गेलं’ म्हणून घाबरू नका, मोड परत फिरवला की दिसतात.

अँड्रॉइडवर चालणारे महागडे प्लेअर लावले की पडदा उघडून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावं लागतं. फिओसारख्या प्लेअरमध्ये यूएसबी मोड ‘डॅक’वर असेल तर कॉम्प्युटर त्याला साउंड कार्ड समजतो. प्लेअर ओळखला जातो, फक्त ड्राइव्ह म्हणून नाही. तिथं ‘स्टोरेज’ करा. आयपॉड टचवर ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असा प्रश्न येतो. पडदा बंद असेल तर तो दिसत नाही आणि माणूस वाट बघत बसतो.

आत गाणी भरूनच येणाऱ्या रेडिओसारख्या पेट्या मिळतात. त्यातल्या पुष्कळांचं चार्जिंगचं सॉकेट फक्त चार्जिंगचं असतं आणि मोठं यूएसबी सॉकेट पेनड्राइव्ह लावायला असतं. त्या कॉम्प्युटरला दिसणार नाहीत, कारण त्या तशा बनवलेल्याच नाहीत. गाणी पेनड्राइव्हवर भरा आणि पेनड्राइव्ह पेटीला लावा.

विंडोज काय सांगतंय ते वाचा

कीबोर्डवर विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा, यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ही खिडकी समोर ठेवून प्लेअर लावा आणि काढा.

यादी जराही हलली नाही, तर कॉम्प्युटरला कोणी आलंय याचाच पत्ता नाही. डेटाच्या तारांपैकी ‘मी आलो’ असा इशारा हिरव्या तारेवरून जातो. ती तुटली तर पूर्ण शांतता. मागं जा, वायर आणि सॉकेट पुन्हा बघा.

यादी हलली आणि ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ किंवा कोड ४३ आला, तर इशारा पोचला पण पुढचं बोलणं अडलं. पांढऱ्या तारेचा ढिला जोड, कमी करंट किंवा हँग झालेला प्लेअर ही नेहमीची कारणं. त्या नोंदीवर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, प्लेअर काढा, रिसेट द्या, दुसऱ्या पोर्टला दुसऱ्या वायरीनं लावा. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर, दोन वेगळ्या वायरींनी हाच कोड येत असेल तर सॉफ्टवेअरमागं लागण्यात अर्थ नाही, दोष प्लेअरच्या बोर्डावर आहे. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं तर टाकूच नका. त्यांनी हा दोष कधीच जात नाही, वर नको त्या जाहिराती येतात.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, कोड १० म्हणजे प्लेअर सुरू होऊ शकला नाही. एमटीपी प्लेअरला हे आलं तर ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, मग ‘लेट मी पिक’ असं जाऊन ‘पोर्टेबल डिव्हाइसेस’मधून ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ निवडा. तिथं ते नावच नसेल तर तुमचं विंडोज ‘एन’ आवृत्तीचं आहे का बघा. युरोपसाठी काढलेल्या या आवृत्तीत मीडियाचे भाग गाळलेले असतात. सेटिंग्जमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ टाकावा लागतो.

प्लेअर लागतो, पाच-दहा मिनिटांनी आपोआप तुटतो, असं होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट उघडा आणि वीज वाचवायला हा पोर्ट बंद करायची परवानगी देणारी खूण काढा.

आवाज येतो, यादीत नाव नीट आहे, पण ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह नाही? पुन्हा विंडोज आणि एक्स, या वेळी ‘डिस्क मॅनेजमेंट’. खालच्या पट्ट्यांमध्ये प्लेअरच्या आकाराची, म्हणजे ४ किंवा ८ जीबीची पट्टी शोधा. तिच्यावर अक्षर नसेल तर उजवं क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि मोकळं अक्षर द्या. कॉम्प्युटरला आधी दुसरा पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कचा ड्राइव्ह जोडलेला असेल तर अक्षरांची अशी टक्कर होते. एवढ्यानं काम झालं तर तुम्ही नशीबवान, पाच मिनिटांत सुटलात.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात?

हा आपल्याकडच्या जुन्या घरांचा दोष आहे. अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधले (वीज पुरवणाऱ्या डब्यातले) फिल्टरचे कपॅसिटर पत्र्यावर मुख्य विजेच्या साधारण निम्मं व्होल्टेज आणून ठेवतात. करंट अगदी कमी असतो, पण यूएसबीचं ग्राउंड त्याच पत्र्याला जोडलेलं असतं. आता देवळातल्या किंवा सभागृहातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला प्लेअर त्याच वेळी कॉम्प्युटरलाही लावला, की दोन ग्राउंडमधला फरक त्या बारीक वायरीतून वाहतो. गुणगुण ऐकू येते आणि डेटा तुटतो, क्वचित पोर्टही जळतो. प्लेअर एका वेळी एकालाच लावा. तपासायचं असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर लावून बघा. तसा व्यवस्थित चालला तर दोष घरच्या वायरिंगचा आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दिसतो, पण रिकामा

गाणी भरून देणाऱ्या दुकानातल्या कॉम्प्युटरला दिवसभर शंभर ठिकाणचे पेनड्राइव्ह लागतात, आणि तिथून व्हायरस घरी येतो. लक्षण ठरलेलं: फोल्डरच्या जागी शॉर्टकट, किंवा सगळं रिकामं, पण ड्राइव्ह मात्र भरलेला दाखवतो. शॉर्टकटवर क्लिक करू नका. फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’ उघडा, ‘शो हिडन फाइल्स’ निवडा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. गाण्यांचे फोल्डर फिकट रंगात दिसू लागतील. फक्त गाण्यांच्या फाइली कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग प्लेअर अँटिव्हायरसनं तपासा.

‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असं आलं तर ‘कॅन्सल’ दाबा. हा संदेश दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतो. एक, गाणी भरताना लाईट गेली आणि फाइलींच्या यादीचं लिखाण अर्धवट राहिलं. यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर हे होतंच, म्हणून भरायचं काम लॅपटॉपवर करावं. दोन, प्लेअर म्हणजे मॅकवर, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर, तयार केलेला आयपॉड आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेले आयपॉड पुष्कळदा असे निघतात. त्यात सगळी गाणी सुखरूप असतात, विंडोजला त्यातली फाइलींची मांडणी वाचता येत नाही एवढंच. ‘फॉरमॅट’ दाबलं की मात्र ती जातात.

आयपॉडचं असं असेल तर उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचा) पेनड्राइव्ह करून त्यावर कॉम्प्युटर सुरू करा, तो ही मांडणी वाचतो. गाणी ‘आयपॉड कंट्रोल’ या फोल्डरमध्ये ‘म्युझिक’खाली एफ००, एफ०१ अशा फोल्डरांत असतात. फाइलींची नावं चार अक्षरांची, अर्थहीन असतात. घाबरू नका, गाण्याचं खरं नाव फाइलीच्या आत असतं आणि कुठलाही चांगला म्युझिक प्लेअर ते दाखवतो. ती उतरवून घेतल्यावर अ‍ॅपलच्या आयट्यून्स या सॉफ्टवेअरमधून ‘रिस्टोअर’ करा, म्हणजे आयपॉड विंडोजचा होतो. आयपॉडची शेवटची विक्री अ‍ॅपलनं २०२२ मध्ये थांबवली, पण विंडोजवरचं आयट्यून्स चक्रीचे आयपॉड ओळखतं.

साध्या प्लेअरची यादी बिघडली असेल आणि ड्राइव्ह उघडत असेल, तर आधी जेवढं निघेल तेवढं कॉम्प्युटरवर काढून घ्या. मग ड्राइव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, ‘चेक’. दुरुस्ती आधी आणि नक्कल नंतर असा उलटा क्रम करू नका, दुरुस्तीत तुटक्या फाइली कापल्या जातात. ड्राइव्ह उघडतच नसेल आणि आत मोलाचं रेकॉर्डिंग असेल, तर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा. ते नावाप्रमाणे फक्त फोटोंसाठी नाही, एमपीथ्री आणि वेव्हही काढतं. प्लेअर एमएससी मोडमध्ये हवा, आणि निघालेल्या फाइली प्लेअरवर नव्हे, कॉम्प्युटरवर ठेवायच्या. फाइलींची मूळ नावं मिळणार नाहीत, ऐकून लावावी लागतील.

मेमरी कार्डाचा प्लेअर असेल तर कार्ड काढून प्लेअर एकटा लावा. एकटा दिसला तर दोष कार्डात.

आता फॉरमॅट

नक्कल झाली, किंवा आत काही मोलाचं नाही, तरच. प्लेअरच्या मेनूत ‘फॉरमॅट’ असेल तर तिथूनच करा, कारण त्याला लागणारी मांडणी त्यालाच नीट माहीत असते. नसेल तर विंडोजमध्ये फॅट३२ ही मांडणी निवडा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलं तर कॉम्प्युटरला दिसेल, पण स्वस्त प्लेअरला वाचता येणार नाही आणि तो चालूच होताना अडकेल.

जत्रेत, बाजारात घेतलेला ६४ जीबीचा प्लेअर सुरुवातीची गाणी वाजवतो आणि पुढची वाजवत नाही, तर क्षमता खोटी आहे. आतली चिप ४ किंवा ८ जीबीचीच असते, नुसता आकडा मोठा दाखवायला लावलेला असतो. फॉरमॅट करून एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते पूर्ण जागा भरून परत वाचून खरी क्षमता सांगतं. असे प्लेअर हळू लिहितात, म्हणून खऱ्या ८ जीबीलासुद्धा अर्धा तास किंवा जास्त धरा. जेवढी खरी निघेल त्यापेक्षा थोडी कमीच वापरा.

दुकानात द्यायचाच झाला तर

मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला ‘बघा जरा’ एवढंच सांगू नका. ‘दोन डाटा केबलनी, दोन कॉम्प्युटरवर बघितलंय, चार्ज होतो, कोड ४३ येतो, सॉकेटचा डाग बघा, फॉरमॅट करू नका’ असं सांगा. मायक्रो आणि सी सॉकेट बदलणं त्यांच्या रोजच्या कामातलं असतं. सोनीचं किंवा आयपॉडचं सॉकेट मात्र सुट्या भागासाठी अडतं.

प्लेअर दिसला, आता भरताना

१२८ केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला सुमारे १ एमबी खातं. ४ जीबीच्या प्लेअरमध्ये साधारण ६५ तास मावतात, भजनाला आणि बोलण्याला ही प्रत पुरते.

स्वस्त प्लेअर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात. बिघाड नाही, त्यांच्याकडे ती अक्षरं नसतात. अशा प्लेअरसाठी नावं इंग्रजी अक्षरांत, आकड्यानं सुरू होणारी ठेवा. आणि आकडे घालूनही काकड आरतीच्या आधी पसायदान वाजत असेल, तर त्याचं कारण असं, की हे प्लेअर नावाचा क्रम बघत नाहीत, फाइली ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्या क्रमानं वाजवतात. सगळ्या एकदम ओढून टाकल्या तर विंडोज त्या आपल्या सोयीनं लिहितो. रिकाम्या फोल्डरमध्ये एकेक करून, हव्या त्या क्रमानं टाका. शेवटी टास्कबारवरच्या खुणेतून ‘इजेक्ट’ करा, आणि प्लेअरच्या पडद्यावरचं ‘रायटिंग’ गेल्यावरच वायर ओढा.